बावीस नावांची गोधडी

मे महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी पॉप्लर गॅपच्या टेकडीवर खुर्च्या लागत. गाण्यांची जत्रा सुरू व्हायची शुक्रवारी दुपारी, पण खुर्च्या गुरुवारी. घडीच्या, पट्ट्यांनी विणलेल्या, पाठीवर रंगाने आडनाव रेखलेल्या. एकदा खुर्ची उतारावर रोवली की रविवार संध्याकाळपर्यंत ती जागा तुमची. तुम्ही जेवायला जा, गाडीत जाऊन झोपा, नाहीतर दवाखान्यात भरती व्हा. तुमच्या खुर्चीला कोणी हात लावायचं नाही. तुम्ही नसताना कोणी घटकाभर टेकलंच, तर तुम्हाला बघून "या, गरम करून ठेवली होती" म्हणत उठायचं. त्या टेकडीवर दारू पिऊन मारामाऱ्या झाल्या, लग्नं मोडली, पण दुसऱ्याची खुर्ची सरकवल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

ऑर्लीना स्टर्जिलच्या दोन खुर्च्या तिसऱ्या रांगेत, डावीकडच्या खांबाला लागून असत. १९७१ सालापासून. दुसऱ्या खुर्चीवरचा नवरा, व्हर्लिन, आधी यायचा बंद झाला आणि मग वारला, तरी खुर्च्या दोनच. एक खुर्ची लावायची म्हणजे कशी, ते तिला जमलं नाही.

ऑर्लीना खाणीच्या खोऱ्यातली. व्हर्लिन कोळशात, ती शाळेच्या स्वयंपाकघरात. एकतीस वर्षं तिने तीनशे पोरांसाठी घेवडा शिजवला आणि मक्याचा पाव भाजला. सकाळी साडेपाचला ती स्वयंपाकघराचं कुलूप काढायची आणि आधी रेडिओ लावायची, मग चूल. रेडिओवर पॉप्लर गॅप बॉइज लागले की बाकीच्या बायका गप्प बसत, कारण त्या वेळी ऑर्लीनाच्या हातातला झारा कुठे पडेल याचा नेम नसे. अमेरिकेतल्या डोंगरांतलं हे ब्लूग्रास गाणं; गिटार, बँजो, फिडल, मँडोलिन आणि बेस, एवढंच ते. पाच माणसं एकाच माइकपुढे दाटीवाटीने उभी राहून गायची, आपापली पाळी आली की पुढे सरकायची, झाली की मागे व्हायची. ब्लूग्रासवाले सगळेच तसं करतात, पण हे पाच जण जाताना एकमेकांना वाट द्यायचे ते बघून ऑर्लीना म्हणायची, "बघा. चर्चमधले लोकसुद्धा इतक्या मायेने सरकत नाहीत."

या बँडवर तिचा जीव जडला तो मात्र गाण्यामुळे नाही. १९७३ च्या हिवाळ्यात तिची पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. घरामागच्या टेकाडावर जमीन गोठलेली, व्हर्लिनने आणि त्याच्या भावाने कुदळीने खड्डा केला. तेवढ्यात चिखलातून वर चढत पाच माणसं आली. टोप्या काढलेल्या, वाद्यं नाहीत. बँडचा मालक गार्लंड टॅकेट म्हणाला, "आम्हाला कोणी बोलावलं नाही, बाई. पण गाऊ का?" ते तीन गाणी गायले. जेवायला न थांबता खाली उतरले, कारण संध्याकाळी कुठेतरी कार्यक्रम होता.

आली होती ती पाच माणसं. ऑर्लीनाने मनात धरून ठेवला तो बँड.

पुढे माणसं बदलत गेली. पहिला बँजोवाला गार्लंडशी भांडून गेला तेव्हा अर्धी टेकडी रुसली; लोक म्हणाले, आता यात राहिलं काय? ऑर्लीनाने गुरुवारी खुर्च्या लावल्या. फिडलवाला देवाच्या नादी लागून गेला. बेसवाल्याचं यकृत गेलं. दोघं जास्त पैसे देणाऱ्या बँडमध्ये गेले. प्रत्येक वेळी शेजारच्या खुर्चीतली हेस्टर रॅटलिफ पाय आपटायची.

"हा पोरगा बँजो वाजवतोय की कोंबडी सोलतोय?"

"शिकेल गं."

"तोपर्यंत मी मरेन."

"मर. पण जागा सोडू नकोस. बँड काही एका माणसाचा नसतो, हेस्टर."

हे वाक्य ऑर्लीनाने किती जणांच्या बाबतीत म्हटलं असेल, कोण जाणे. त्या गेलेल्या पोरांच्याही आया याच टेकडीवर कुठेतरी बसलेल्या असत. दुसऱ्या वर्षी त्या दिसायच्या नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या खुर्च्या असायच्या.

आणि गोधडी. बँडमध्ये जो येई त्याच्यापुढे ऑर्लीना एक वीतभर चौकोनी कापड आणि पेन्सिल धरायची. त्याने आपल्या हाताने नाव लिहायचं; मग ती त्याच अक्षरावरून निळ्या दोऱ्याने टाका घालायची आणि तो चौकोन गोधडीला जोडायची. कोणाचं अक्षर मुंगीएवढं, कोणाचं तिरपं. माणूस बँडमधून गेला तरी चौकोन उसवायचा नाही, हा तिचा नियम. गोधडी वाढत वाढत पलंगाच्या दोन्ही बाजूंनी खाली आली. व्हर्लिन म्हणायचा, "हिवाळ्यात मी बायकोबरोबर नाही, वीस बाप्यांबरोबर झोपतो."

१९९५ साली त्या गोधडीवर तिच्या मुलाचं नाव चढलं.

ड्वेन तेव्हा वीस वर्षांचा. आईच्या मांडीवर त्याच तिसऱ्या रांगेत वाढलेला. मँडोलिन त्याने बोलण्याआधी ऐकलं होतं. गार्लंडने त्याला आपल्या हाताने बँडची टोपी घातली. टोप्या गार्लंडच्या मालकीच्या असत. माणूस गेला की टोपी पुढच्याच्या डोक्यावर. ऑर्लीनाने कापड पुढे केलं तर ड्वेन हसायला लागला. "मम्मी, माझं नाव तुला ठाऊक नाही का?" पण त्याने लिहिलं, मोठ्या अक्षरात, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी ओढून. त्या वर्षी हेस्टरने एकदाही पाय आपटले नाहीत. उलट ती आजूबाजूला सांगत सुटली, "तो मँडोलिनवाला ना, त्याला मी लंगोटात बघितलाय."

तीन वर्षांनी जानेवारीत बँडची बस बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली. बाकीचे खरचटले, ड्वेनची पाठ गेली. डॉक्टरने दुखण्यावर अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या. त्याच गोळ्या त्या वर्षी खोऱ्यातल्या निम्म्या घरांत होत्या. खाणीत पाठ गेलेल्याला त्याच, आणि दाढ दुखणाऱ्यालाही त्याच. पाठ बरी झाली, गोळ्या राहिल्या. ड्वेन आधी उशिरा यायला लागला, मग तारा लावायला विसरायला लागला, मग एके दिवशी स्टेजवर उभ्या उभ्या झोपला. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला, ओहायोतल्या एका पेट्रोल पंपावर गार्लंडने त्याची टोपी काढून घेतली आणि त्याला मँडोलिनच्या पेटीसकट बसमधून खाली उतरवलं. घरी पोचायला त्याला दोन दिवस लागले.

तीन आठवड्यांनी गुरुवार आला. ऑर्लीना खुर्च्या गाडीत टाकत होती तेव्हा व्हर्लिन ओसरीवर बसून बघत होता.

"यंदाही?" तो म्हणाला.

"आपण काय गार्लंडसाठी जातो का? गेली कित्येक वर्षं..."

"आपण म्हणू नकोस. तुझा बँड, तू जा." आणि मग त्याला खोकला आला, आणि बोलणं तिथेच थांबलं.

शनिवारी दुपारी बँड स्टेजवर चढला. मँडोलिनवर नवा पोरगा, लँडन कीन, एकोणीस वर्षांचा. डोक्यावर ड्वेनची टोपी. त्याला ती मोठी होत होती म्हणून आत वर्तमानपत्राची घडी घातलेली. तिसऱ्या रांगेतून तिचा कोपरा दिसत होता. ऑर्लीना त्या कोपऱ्याकडेच बघत होती. पण पोराचा हात स्वच्छ होता, एक सूर इकडचा तिकडे नाही. त्याची पाळी संपली, तो मागे झाला, आणि तिने टाळ्या वाजवल्या. ठरवून नाही. इतक्या वर्षांत पाळी संपली की हात आपोआप वर येत.

संध्याकाळी घरी आली तर ड्वेन स्वयंपाकघरात बसला होता. पुढ्यातलं ताट तसंच.

"मी कुंपणापाशी उभा होतो," तो म्हणाला.

"मग आत का नाही आलास?"

"तू टाळ्या वाजवत होतीस."

"अरे, सगळेच वाजवत होते."

"सगळ्या काही माझ्या आया नव्हत्या." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "जरा कमी वाजवायच्यास, मम्मी. माझ्यासाठी वाजवायचीस, अगदी तेवढ्याच वाजवल्यास."

आणि ऑर्लीनाने, दमलेली होती म्हणा, घाबरलेली होती म्हणा, तेच म्हटलं जे ती इतरांच्या बाबतीत म्हणत आली होती. "बँड काही एका माणसाचा नसतो, ड्वेन."

तो हसला. उठून आतल्या खोलीत गेला. कापड चिरल्याचा आवाज शिवणाऱ्या बाईला दोन भिंतींपलीकडूनही कळतो. ती आत पोचेपर्यंत त्याने खिशातल्या चाकूने आपला चौकोन कापून घेतला होता. शिवणीवरून नाही, आतून, घाईघाईने. मागच्या दाराने तो निघून गेला. त्यानंतर तो या घरात जेवला नाही.

गोधडीला भोक पडलं. ते महिनाभर तसंच होतं. मग ऑर्लीनाने लँडनकडून कापडावर नाव लिहून आणलं आणि त्या भोकावर शिवलं. भोक पडलेली गोधडी पांघरायची कशी, एवढाच विचार आपण केला असं ती स्वतःला सांगायची. व्हर्लिनने एकदाच विचारलं, "कोणाचं नाव?" ती दोरा तोडत राहिली. त्या दिवसापासून तो वेगळ्या पांघरुणात झोपायला लागला, आणि वीस बाप्यांचा विनोद त्या घरात कोणी पुन्हा केला नाही.

ड्वेन गेला २००७ च्या फेब्रुवारीत, खोऱ्याच्या पार टोकाला, चाकांवरच्या एका मोडक्या घरात. सापडेपर्यंत तीन दिवस झाले होते. पोलिसाने मँडोलिनची पेटी आणून दिली. मँडोलिन नव्हतंच, ते कधीच विकलं गेलं होतं. आत तारांचं एक न फोडलेलं पाकीट आणि अस्तराखाली, चार घड्या करून ठेवलेला, निळ्या दोऱ्याचा चौकोन.

बँडकडून मोठं पुष्पचक्र आलं, फितीवर बँडचं नाव. माणूस एकही आला नाही. त्या दिवशी केंटकीत कार्यक्रम होता. "ठरलेला कार्यक्रम मोडता येत नाही," ऑर्लीनाने स्वतःच लोकांना सांगितलं. टेकाडावर अकरा दिवसांच्या बहिणीशेजारी ड्वेनला ठेवलं तेव्हा चर्चची चार म्हातारी माणसं गायली, आणि त्यातल्या दोघांना शब्द येत नव्हते. मे महिन्यात तिने खुर्च्या लावल्या. पुढच्या वर्षीही लावल्या. व्हर्लिन कोळशाच्या धुळीने फुप्फुसं भरून गेला त्याही वर्षी लावल्या.

मग गार्लंडही गेला. पहिल्या पाचांतलं आता कोणी उरलं नाही. बँड लँडन चालवायला लागला. आता त्याला ती टोपी बरोबर बसत होती.

२०१९ साली बँडला पन्नास वर्षं झाली. गाण्यांच्या आधीच्या मंगळवारी लँडन ऑर्लीनाच्या दारात आला.

"मिस ऑर्लीना, आहात का घरात?"

"नसते तर रेडिओ काय मांजराने लावला? ये. पाय पुस."

तिने त्याच्यापुढे घेवड्याचा वाडगा आणि पाव ठेवला. तो निमूट जेवला. त्या घरात तो नेहमीच जरा निमूट असे. मग म्हणाला, "एक मागायचं होतं. तुमची गोधडी. शनिवारी स्टेजमागे टांगावी म्हणतो. आणि आजवर जे जे वाजवून गेले त्या सगळ्यांची नावं घ्यायची. काही जण स्वतः येतायत, बाकीच्यांच्या घरचे."

"यादी कोणी केली?"

"मिस वांडांनी." म्हणजे गार्लंडची विधवा; तिकडे म्हाताऱ्या बायकांनाही मानाने मिसच म्हणतात.

"ड्वेन आहे?"

लँडनने चमचा खाली ठेवला. "नाही. गार्लंड सांगून गेलेत म्हणे. ज्याला बसमधून उतरवलं त्याचं नाव या स्टेजवर नको."

"आणि बँड कोणाचा आहे आता?"

"वाजवतो मी, मिस ऑर्लीना. पण बँडचं नाव मिस वांडांच्या मालकीचं आहे. त्यांनी उद्या ते काढून घेतलं, तर आम्ही पाच अनोळखी बाप्ये. आम्हाला ऐकायला कोण येणार?" मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही तरी याल का?"

ऑर्लीना बराच वेळ ओट्यावरचे पावाचे कण गोळा करत राहिली. ड्वेनचं नाव त्या स्टेजवरून एकदा, फक्त एकदा, बाकीच्यांच्या रांगेत घेतलं जावं, एवढंच तिला हवं होतं. हे तिला आत्ता, हातात कण घेऊन उभं असताना कळलं.

"गोधडी टांगतोस, तर तिच्यावरूनच वाच ना," ती म्हणाली. "कागद कशाला? सगळ्यांच्या हातची अक्षरं आहेत."

लँडनने आतल्या खोलीकडे नजर टाकली. चौथ्या ओळीतला दुसरा चौकोन कोणाचा, तो कशावर शिवलाय, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. त्याचा चेहरा जरा निवळला. "तेच छान दिसेल. यादीची भानगडच नको."

"शनिवारी आणून देते. दोन-चार टाके सुटलेत."

टाके सुटले नव्हते. लँडनचा चौकोन तिने इतका बारीक, इतका घट्ट शिवला होता की उसवायला बुधवारची अख्खी दुपार गेली. तो निघाला, आणि खाली तिला जुन्या कापडाची कड दिसली. ड्वेनने चाकू घाईत चालवला होता. त्याच्या नावातल्या शेवटच्या अक्षराची निळी शेपटी गोधडीवरच राहून गेली होती. एकोणीस वर्षं ती लँडनच्या नावाखाली होती, आणि ऑर्लीनाही त्याच गोधडीखाली.

पेटीतला चौकोन धुऊन विरला होता. तिने तो पांढऱ्या कापडावर बसवला, शेपटीला शेपटी भिडवली. पूर्वीसारखी जुळली नाही. मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट राहिली. तिने ती तशीच ठेवली.

शनिवारी दुपारी गोधडी घडी करूनच दिली. पोरांनी ती स्टेजमागे वर चढवली. लँडन घाईत होता, माइक तपासत होता. त्याने वळून बघितलं नाही. ऑर्लीना तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. पहिल्या रांगेत वांडा टॅकेटचा नीट फुगवलेला पांढरा केशसंभार दिसत होता.

लँडन गोधडीकडे तोंड करून वाचायला लागला. गार्लंड टॅकेट, गिटार. टाळ्या. पहिला बँजोवाला, पहिला फिडलवाला. कोणाचा मुलगा उठून हात वर करायचा, कोणाची नात. टाळ्या, पुढचं नाव, टाळ्या. दुसरी ओळ. तिसरी. चौथीतला पहिला.

मग तो थांबला.

"काय झालं याला?" हेस्टर कुजबुजली. "चष्मा विसरला की काय?"

ऑर्लीनाचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. लँडनची पाठ तिला दिसत होती, टोपी दिसत होती. त्याने पुढच्या चौकोनावर उडी मारली असती तर कोणालाही कळलं नसतं. त्याने पहिल्या रांगेकडे बघितलं. मग टोपी काढली.

"ड्वेन स्टर्जिल," तो म्हणाला. "मँडोलिन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

किती? त्याच्या आधीच्याला जेवढ्या, तेवढ्याच. वांडाने वाजवल्या नाहीत, पण मागच्या हजारभर बाहेरगावच्या लोकांना कुठे काय ठाऊक? त्यांना बावीस नावांतलं ते एक नाव. हेस्टरनेही वाजवल्या, आणि मग ती गपकन थांबली आणि ऑर्लीनाकडे बघायला लागली. तोवर पुढचं नाव आलं. त्यालाही तेवढ्याच.

नावं संपल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "लँडन, तुझं कुठंय रे?"

"मला उसवलंय," लँडन म्हणाला. लोक खदखदून हसले. त्याने टोपी घातली, गोधडीकडे पाठ केली, आणि पाच जण माइकपुढे दाटीने उभे राहिले.

बँजोने सुरुवात केली. मग फिडल पुढे सरकलं, मागे झालं. मग मँडोलिन. लँडनचा हात अजूनही स्वच्छ होता. त्याची पाळी संपली, तो मागे झाला, आणि ऑर्लीनाने बघितलं की आपले हात वर आलेत. तळवे एकमेकांपासून वीतभर लांब, आणि भिडायला निघालेले.

तिने ते खाली घेतले. उठली. स्वतःची खुर्ची मिटली, मग शेजारची.

गाणं चालू असताना खुर्ची कोणी मिटत नाही. चार रांगा मागून कोणीतरी "बसा हो" म्हणालं.

"अगं, कुठे?" हेस्टर तिची बाही धरून म्हणाली. "आत्ता तर सुरू झालंय. रविवारपर्यंत आहे."

"घरी."

"मग खुर्च्या राहू दे ना. मी बघते."

"नको."

"दोन्ही नेल्यास तर जागा जाईल, ऑर्लीना. अठ्ठेचाळीस वर्षांची जागा."

"जाऊ दे," ऑर्लीना म्हणाली. हेस्टरने बाही सोडली.

खुर्च्या काखोटीला मारून ती कुंपणाच्या कडेने वर चढली. फाटकापाशी धाप लागली म्हणून थांबली. इथेच कुठेतरी तो उभा राहिला असेल. इथून तिसरी रांग स्वच्छ दिसते, माणूस न् माणूस. डाव्या खांबापाशी एक जोडपं आपल्या खुर्च्या घेऊन खाली सरकत होतं. बाईने हेस्टरला वाकून काहीतरी विचारलं. हेस्टरने एकदा फाटकाकडे बघितलं, मग आपली खुर्ची थोडी बाजूला ओढून त्यांना वाट दिली.

बँजोची पाळी संपली. टाळ्या झाल्या. स्टेजमागे गोधडी वाऱ्याने हलत होती. इतक्या लांबून नावं वाचता येत नव्हती, नुसते चौकोन दिसत होते, बावीसच्या बावीस. कुठे भोक नव्हतं.